रिपोर्ट नॉर्मल, मग तक्रार मनाची?

१८३५ साली डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी वीस वर्षांच्या एका तरुणीची हकिगत छापली. सुरुवातीला तिच्या तक्रारी 'हिस्टेरिया'च्या मानल्या गेल्या होत्या. तीनेक महिन्यांनी लक्षात आलं की तिची नाडी विलक्षण वेगाने चालते आहे आणि ती कधी १२० च्या खाली येतच नाही. पुढे तिचे डोळे मोठे, खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसू लागले आणि गळ्याशी असलेली थायरॉइड ग्रंथी सुजली. तो आजार आज जगभर ग्रेव्ह्ज यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या रुग्णांमुळे त्या आजाराचं चित्र स्पष्ट झालं, त्यांतल्याच एकीचा आजार आधी मनाचा ठरवला गेला होता.

थकवा जात नाही, छाती धडधडते, काही लक्षात राहत नाही, उगीच रडू येतं, असं सांगणाऱ्या बाईला आजही कितीतरी दवाखान्यांत पहिला प्रश्न येतो तो 'घरी काही टेन्शन आहे का?' हा. प्रश्न विचारण्यात चूक काहीच नाही. चूक होते ती हा प्रश्नच निदान होऊन बसतो तेव्हा. 'टेन्शन घेऊ नका, मन कशात तरी रमवा' एवढ्यावर तपासणी आटोपते आणि घरी परतेपर्यंत नवरा, सासू, नणंद सगळ्यांनी मनाशी ठरवलेलं असतं की हिला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मानसिक कारण रुग्णाने कधी स्वीकारावं, कधी त्याला हरकत घ्यावी आणि घ्यायची तर कशाच्या बळावर, हा प्रश्न थायरॉइडच्या बाबतीत जवळजवळ दोनशे वर्षं चालत आला आहे. त्यात डॉक्टर वारंवार चुकले आहेत. रुग्णही काही वेळा चुकले आहेत.

ग्रेव्ह्ज यांच्याही आधी इंग्लंडमधल्या बाथ इथले कॅलेब पॅरी यांनी या आजाराच्या नोंदी केल्या होत्या. त्या त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ मध्ये छापल्या गेल्या. त्यातली एक रुग्ण चाकांच्या खुर्चीतून उतारावर फेकली गेली होती आणि त्या भीतीनंतर तिची धडधड सुरू झाली, असं पॅरी लिहितात. आपल्याकडे याला 'धसका घेतला' म्हणतात. पुढच्या शतकभरात या धसक्याच्या कल्पनेने मूळ धरलं. नाडी वेगाने पळते, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो, झोप उडते. बघणाऱ्याला तो घाबरलेला माणूसच वाटतो. शरीराचं चयापचय बेफाम झाल्यामुळे माणूस घाबरल्यासारखा दिसतो की घाबरल्यामुळे शरीर बेफाम झालंय, हे नुसतं बघून ठरत नाही.

थायरॉइड मंदावण्याच्या आजाराची कथा याच्या उलट बाजूने जाते आणि ती अधिक हृदयद्रावक आहे. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये लंडनमध्ये काही प्रौढ स्त्रियांचं वर्णन केलं: चेहरा सुजट, जीभ जाड, बोलणं संथ, बुद्धी मंदावलेली. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्याला 'मिक्सिडीमा' हे नाव दिलं. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने एक समिती नेमली आणि तिने शंभराहून अधिक रुग्णांची माहिती गोळा करून १८८८ मध्ये अहवाल दिला. जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये भ्रम किंवा भास नोंदवलेले होते. म्हणजे थायरॉइड ग्रंथी आटली की माणसाचं मनही बिघडू शकतं, हे तेव्हापासून कागदावर आहे.

त्यावर इलाज सापडायला आणखी तीन वर्षं लागली. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने १८९१ मध्ये ताज्या मारलेल्या मेंढीची थायरॉइड ग्रंथी आणली, तिचे बारीक तुकडे केले, ग्लिसरीन आणि कार्बोलिक आम्लाच्या पाण्यात दिवसभर भिजत ठेवले आणि तो अर्क रुमालातून पिळून काढला. ४६ वर्षांच्या एका बाईच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये त्याने तो टोचला. काही आठवड्यांत तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, बोलणं मोकळं झालं, त्वचेला घाम फुटू लागला. पुढे हाच अर्क तोंडाने घेता येतो हे कळलं. ती बाई १९१९ पर्यंत, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनी नंतर मांडला. तिला कुणी 'मन रमवा' एवढंच सांगितलं असतं तर ती अठ्ठावीस वर्षं जगली नसती.

एवढं सगळं माहीत असूनही १९४९ मध्ये रिचर्ड अॅशर यांना 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'मिक्सिडीमाचं वेड' या विषयावर लेख लिहावा लागला. लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयात त्यांच्याकडे मनोरुग्णांना निरीक्षणाखाली ठेवण्याचा कक्ष होता. तिथे वेडे म्हणून आणलेल्या माणसांमध्ये त्यांना १४ जण असे सापडले, ज्यांचा खरा आजार मिक्सिडीमा होता. थायरॉइडचं औषध दिल्यावर त्यांतल्या बहुतेकांचं मन ताळ्यावर आलं. त्याच्या एक तप आधी, १९३७ मध्ये, ए. जे. क्रोनिन यांच्या 'द सिटाडेल' या कादंबरीत हाच प्रसंग येऊन गेला होता. वेडेपणाच्या दाखल्यावर सही करायला बोलावलेला तरुण डॉक्टर त्या माणसाची त्वचा, चेहरा, बोलणं बारकाईने पाहतो आणि सही नाकारतो. (विजय आनंद यांचा १९७१ चा 'तेरे मेरे सपने' हा चित्रपट याच कादंबरीवर बेतलेला आहे.) अॅशर यांनी आपल्या लेखात या कादंबरीची आठवण काढली होती. डॉक्टरांआधी वाचकांना ठाऊक झालेला हा आजार होता.

दरम्यान मानसशास्त्राचा दबदबा वाढला होता. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात सात आजार मनोशारीरिक म्हणून मांडले. दमा, पोटातला अल्सर, उच्च रक्तदाब, संधिवात, आतड्यांचा दाह, त्वचेचा दाह आणि सातवा, थायरॉइडचा अतिस्राव. बालपणी असुरक्षित वाटलेलं, लवकर मोठं व्हावं लागलेलं, भीती दाबून ठेवणारं माणूस या आजाराला बळी पडतं, अशी ती मांडणी. तिच्यात सहानुभूती होती, पण पुरावा नव्हता. अवघ्या सहा वर्षांत, १९५६ मध्ये, न्यूझीलंडमधल्या डनेडिन इथे डंकन अॅडम्स आणि हर्बर्ट पर्व्हस यांना ग्रेव्ह्जच्या रुग्णांच्या रक्तात असं द्रव्य सापडलं, जे गिनीपिगच्या थायरॉइडला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चेतवत राहतं. हे द्रव्य म्हणजे शरीरानेच स्वतःविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं आहेत, हे पुढे सिद्ध झालं. त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि पीटर कॅम्पबेल यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडवर चालून जाणारी प्रतिपिंडं सापडली. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या सुजलेल्या ग्रंथी तपासून ज्या आजाराचं वर्णन केलं, त्याचं कारण ४४ वर्षांनी असं हाती लागलं. दमलेल्या, चिंतातुर स्त्रियांच्या स्वभावात शोधलं जाणारं कारण त्यांच्या रक्तात होतं.

यातून ताणाचा थायरॉइडशी काही संबंधच नाही, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. ग्रेव्ह्जचं निदान होण्याआधीच्या वर्षात रुग्णांच्या आयुष्यात दुःखद घटना इतरांपेक्षा जास्त घडलेल्या असतात, असं १९९१ मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात दिसलं. पॅरींच्या रुग्णाचा धसका अगदीच निराधार नव्हता, असं म्हणायला जागा आहे. पण ताणाने आजाराला वाट करून दिली असली, तरी आजार रक्तात आणि ग्रंथीतच असतो. त्यावर उपचारही ग्रंथीवरच करावे लागतात.

आपल्याकडे या प्रश्नाचं आकारमान केवढं आहे ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीवरून कळतं. त्या आठांत मुंबई आणि गोवा होते. ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली आणि जवळजवळ ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइड मंदावलेलं आढळलं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १५.८६ टक्के, पुरुषांमध्ये ५.०२ टक्के. सगळ्यांत अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे: ३.४७ टक्के लोकांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता. सोसायटीत शंभर प्रौढ माणसं राहत असतील तर त्यांतली तिघं-चौघं. त्यांच्यापैकी किती जण 'वयाचा परिणाम', 'पाळी जायची वेळ आली', 'मनाला फार लावून घेते' या शेऱ्यांखाली दिवस काढत असतील, याचा अंदाज कुठल्याही घरात बांधता येईल.

बाळंतपणानंतरचं थायरॉइड तर यात हमखास निसटतं. शंभरातल्या साधारण पाच बायकांना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडचा दाह होतो. आधी काही महिने स्राव वाढतो, मग घटतो. पहिल्या टप्प्यात धडधड, चिडचिड, झोप नाही. दुसऱ्या टप्प्यात मरगळ, रडू, केसांची गळती. ओल्या बाळंतिणीला झोप लागत नाही आणि ती रडते, हे ऐकून कुणाला आश्चर्य वाटणार? बाळ रात्री जागवतं, पाहुणे येत असतात, अंगावर पाजणं चालू असतं. मग ते सगळं 'असं होतंच' या खात्यात जमा होतं, नाहीतर थेट नैराश्याची गोळी सुरू होते. तिला खरंच नैराश्य असू शकतं. पण ते ठरवण्याआधी रक्त तपासायला हवं.

वृद्धांमध्ये आजार याहून फसवा वागतो. स्राव वाढूनही धडधड, थरथर काहीच दिसत नाही. आजोबा नुसते गप्प होतात, खाणं टाकतात, वजन उतरतं. १९३१ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक फ्रँक लाही यांनी या प्रकाराचं वर्णन केलं होतं. घरच्यांना आणि डॉक्टरांना ती उदासी वाटते.

तरुण, धडधाकट शरीरही फसतं. अमेरिकी धावपटू गेल डीव्हर्स १९८८ च्या सोल ऑलिंपिकनंतर ढासळत गेली. निदान व्हायला १९९० उजाडलं. आजार ग्रेव्ह्जचा निघाला. किरणोपचारांच्या काळात तिच्या पायांची अवस्था इतकी वाईट झाली की ते कापावे लागतील की काय, अशी वेळ आली होती. १९९२ मध्ये बार्सिलोनात तिने १०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. ज्या माणसाचं शरीर सेकंदाच्या शतांशात मोजलं जात होतं, त्याचाही आजार दोन वर्षं हाती लागला नव्हता.

चिंता आणि थायरॉइड वेगळे ओळखण्याच्या खुणा जुन्या डॉक्टरांना हाताने कळत. हात हातात घेतला की चिंताग्रस्त माणसाचा तळवा ओला आणि गार लागतो. थायरॉइड वाढलेल्याचा ओला पण ऊबदार. चिंतेतली नाडी झोपेत शांत होते, थायरॉइडमधली झोपेतही पळत राहते. मंदावलेलं थायरॉइड तपासायचं तर रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मोकळी सोडून उभं करायचं आणि टाचेमागच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने हलकेच मारायचं. पाऊल झटकन खाली जातं, पण परत येताना रेंगाळतं. ते रेंगाळणं नुसत्या डोळ्यांना दिसतं. या तपासणीला मिनिटही लागत नाही आणि पैसाही लागत नाही. तिच्यावरून निदान पक्कं होत नाही हे खरं. तरी ज्या रुग्णाचा हात हातात घेतला, पाय पाहिला, त्याला 'तुमच्या मनाचं आहे' असं सांगण्याआधी डॉक्टर दोनदा विचार करतो.

आज मात्र वादाचा निकाल एका आकड्यावर लावला जातो, तो आकडा म्हणजे टीएसएच. हे संप्रेरक थायरॉइडचं नसतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचं असतं. थायरॉइड कमी काम करू लागलं की पिट्यूटरी त्याला जोराने हाक मारते, टीएसएच वाढतो. थायरॉइड जास्त काम करू लागलं की ती गप्प बसते, टीएसएच घटतो. १९६० च्या दशकात तो रक्तात मोजता येऊ लागला आणि पुढे चाचणी इतकी अचूक झाली की बहुतेक रुग्णांचं निदान तिच्यावरच होतं. ही मोठी सोय आहे आणि तिच्यामुळे लाखो लोक वेळेवर बरे झाले आहेत. पण जिथे हाक मारणारीच दुखावलेली असते, तिथे ही चाचणी दिशाभूल करते. बाळंतपणात फार रक्त गेलं तर पिट्यूटरीला इजा होते. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेला हा विकार आपल्या देशात अजून दिसतो. काश्मीरमधून त्यावर बरंच संशोधन आलं आहे. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परतत नाही, वर्षानुवर्षं थकवा राहतो. टीएसएच मात्र नॉर्मल दिसतो, कारण कमी आहे ते थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, आणि ते कुणी तपासायलाच दिलेलं नसतं. तिचा 'नॉर्मल' रिपोर्ट खरा असतो आणि निरुपयोगीही.

आणखी एक सापळा तर औषधांच्या दुकानातूनच घरी येतो. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि काही प्रयोगशाळांच्या यंत्रांवर ते आकडे उलटेपालटे करतं: टीएसएच खोटाच कमी, टी-४ खोटाच जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. थायरॉइड मंदावल्याने केस गळतात, म्हणून बायोटिन सुरू होतं, आणि बायोटिनमुळे मंदावलेलं थायरॉइड रिपोर्टात लपतं.

शिवाय 'नॉर्मल' कुणाचा? छापील मर्यादा अनेक लोकांच्या आकड्यांवरून ठरते. डेन्मार्कमध्ये स्टिग अॅंडरसन आणि सहकाऱ्यांनी १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडला. प्रत्येकाचे आकडे स्वतःच्या अरुंद पट्ट्यात फिरत होते आणि तो पट्टा छापील मर्यादेच्या साधारण निम्माच होता. एखाद्याचा टी-४ स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बराच उतरला तरी कागदावर तो नॉर्मलच राहू शकतो. रिपोर्ट नॉर्मल असूनही 'मला बरं वाटत नाही' म्हणणाऱ्या रुग्णाच्या बाजूने हा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे.

इथूनच खरा वाद पेटतो. १९९७ मध्ये बर्मिंगहॅमचे गॉर्डन स्किनर आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ला पत्र लिहून मागणी केली की लक्षणं थायरॉइडची दिसत असतील तर रक्त नॉर्मल असलं तरी थायरॉक्सिन देऊन पाहावं. रुग्णांना हे पटण्यासारखंच होतं. चार वर्षांनी त्याच नियतकालिकात स्कॉटलंडमधली चाचणी आली. अशाच पंचवीसेक रुग्णांना काही आठवडे थायरॉक्सिन आणि काही आठवडे तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी, कोणती कधी हे न सांगता, देण्यात आली. दोन्हींच्या परिणामात फरक पडला नाही. ज्या निरोगी लोकांना तुलनेसाठी थायरॉक्सिन दिलं गेलं, त्यांचा उत्साह उलट कमी झाला. २०१७ मधली युरोपातली मोठी चाचणीही याच दिशेची. पासष्टी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या, टीएसएच किंचित वाढलेल्या ७३७ लोकांना औषध देऊनही त्यांचा थकवा आणि इतर लक्षणं कमी झाली नाहीत. रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे निकाल गिळून टाकू नयेत. थकवा खरा आहे म्हणून तो थायरॉइडचाच आहे, असं होत नाही.

पण मग तो मनाचाच आहे, असंही होत नाही. डॉक्टरांची उडी नेमकी इथे पडते. शेफील्डचे अँथनी वीटमन यांनी २००६ मध्ये 'क्लिनिकल एंडोक्रायनॉलॉजी'त लिहिलं की रक्त नॉर्मल असूनही आपल्याला थायरॉइडच आहे असं धरून बसणाऱ्या बहुतेकांना मनातून उद्भवणारा शारीरिक तक्रारींचा विकार असावा. त्यानंतर पेट्रोस पेरॉस आणि सहकाऱ्यांनी ६८ देशांतल्या ३,९१५ रुग्णांची ऑनलाइन पाहणी केली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक, ५८.६ टक्के लोकांना 'सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर' असण्याची शक्यता आहे, असा निष्कर्ष काढला. ही माणसं आळशी किंवा खोटारडी आहेत असं या संशोधकांनी म्हटलेलं नाही. तरीही या निष्कर्षाला घेतलेली हरकत रास्त आहे.

एक तर अशा ऑनलाइन पाहणीत जास्त त्रास असलेली माणसंच आपणहून भाग घेतात. दुसरं म्हणजे प्रश्नावली थकवा, अंगदुखी, बद्धकोष्ठता, झोप यांबद्दल विचारते, आणि ही यादी म्हणजे मंदावलेल्या थायरॉइडचीच लक्षणं आहेत. थायरॉइडच्या रुग्णाला थायरॉइडची लक्षणं आहेत का, असं विचारून त्याचे गुण मानसिक विकाराच्या खात्यात टाकायचे, ही पद्धत मुळातच सदोष आहे. तिसरं, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार तक्रारींना शारीरिक कारण सापडलं तरी हे निदान करता येतं. लक्षणांबद्दल माणूस किती विचार करतो, किती चिंता करतो, हे पाहायचं असतं. पाच वर्षं थकलेल्या, चार डॉक्टरांनी परत पाठवलेल्या बाईने आपल्या थकव्याचा विचार करू नये, अशी अपेक्षा कुणी करावी?

मानसिक निदान किती वेळा चुकतं, याचीही मोजदाद झाली आहे. एलियट स्लेटर यांनी १९६५ मध्ये लंडनच्या एका नामांकित मज्जासंस्था रुग्णालयात हिस्टेरिया ठरवलेल्या ८५ रुग्णांचा काही वर्षांनंतर मागोवा घेतला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना खरेखुरे शारीरिक आजार निघाले. नंतरच्या काळात चित्र सुधारलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात असं दिसलं की १९५० च्या दशकात असं निदान २९ टक्के वेळा चुकत होतं आणि १९७० नंतर ते चार टक्क्यांवर आलं. हे अभ्यास लकवा, फेफरं अशा तक्रारींवरचे आहेत, थायरॉइडवरचे नाहीत. पण त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे: अशा निदानासाठी डॉक्टर निश्चित खुणा शोधू लागले, 'दुसरं काही सापडलं नाही' एवढ्यावर ते करेनासे झाले. थायरॉइडच्या रुग्णाला मानसिक कारण सांगताना हीच शिस्त पाळली जात नाही, आणि रुग्णाची हरकत तिथेच आहे.

त्याआधी तपासायच्या गोष्टी किती साध्या असतात! थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कित्येक घरांत ती चहाच्या घोटाबरोबरच जाते. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची असते. सगळ्या गोळ्या एकदम घेऊन मोकळं होणाऱ्यांचं थायरॉक्सिन रक्तात नीट पोचतच नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २५ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली, तेव्हा थायरॉइडची औषधं घेणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांचा टीएसएच मर्यादेबाहेर होता. मग रक्तक्षय: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. शाकाहारी घरांतली बी-१२ ची कमतरता, घोरणाऱ्या माणसाचा झोपेत अडणारा श्वास, गव्हाने बिघडणारं आतडं. हाशिमोटोच्या काही रुग्णांत अधिवृक्क ग्रंथीही निकामी होते. ते न ओळखता थायरॉक्सिन वाढवलं तर जिवावर बेतू शकतं.

शिवाय विज्ञानही इथे थांबलेलं नाही. शरीरात टी-४ चं टी-३ होतं आणि पेशी मुख्यतः त्यावर चालतात. काहींमध्ये हे रूपांतर जनुकीय फरकामुळे कमी पडत असावं, अशी शंका आहे. १९९९ मध्ये लिथुआनियातल्या एका छोट्या चाचणीत दोन्ही संप्रेरकं मिळून दिल्यावर रुग्णांचं मन आणि स्मरण सुधारल्याचं दिसलं. नंतरच्या बहुतेक चाचण्यांत तसं दिसलं नाही. तरी युरोपीय थायरॉइड संघटनेने २०१२ मध्ये निवडक रुग्णांना देखरेखीखाली असा प्रयोग करायला मुभा दिली, फरक न पडल्यास तीन महिन्यांनी बंद करण्याच्या अटीवर. नॉर्वेत गुल्डवोग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याहून धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त नॉर्मल, प्रतिपिंडं भरपूर आणि थकवा न जाणारा अशा १५० हाशिमोटो रुग्णांपैकी काहींची ग्रंथीच काढून टाकली. त्या गटात थकव्याचं प्रमाण ८२ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. शस्त्रक्रिया झाली आहे हे रुग्णांना ठाऊक होतं, त्यामुळे आशेचा परिणाम यातून वजा करता येत नाही, आणि काहींना गुंतागुंतही झाली. पण थकव्याचं मूळ संप्रेरकात नसून प्रतिपिंडांच्या हल्ल्यात असू शकतं, ही शक्यता त्यामुळे गंभीरपणे घ्यावी लागते. 'तुमचा टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे तुमचं मन' या वाक्यात ती शक्यता बसतच नाही.

नैराश्य आणि थायरॉइड एकाच माणसात हातात हात घालून राहू शकतात, हेही सांगायला हवं. लिथियमसारखं मनोविकारावरचं औषध थायरॉइड मंदावू शकतं. थायरॉइड ताळ्यावर आल्यानंतरही उदासी उरली तर तिच्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मानसोपचाराची गरज असलेली बाई केवळ अपमान वाटला म्हणून त्या वाटेने जात नसेल, तर त्या अपमानाची जबाबदारी तिला उडवून लावणाऱ्यावर आहे. दवाखान्यातून अशी हिरमुसून परतलेली माणसंच 'थायरॉइड मुळापासून घालवतो' म्हणणाऱ्यांच्या दारात जातात, किंवा स्वतःच गोळीचा डोस वाढवतात. जादा थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हरकत घ्यायची तर ती कागद घेऊन घ्यावी. टीएसएचबरोबर मुक्त टी-४ आणि प्रतिपिंडांची तपासणी झाली होती का, रक्त दिलं त्या काळात केसांच्या किंवा इतर कोणत्या गोळ्या चालू होत्या, डोस बदलल्यानंतर सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा तपासलं का, जुने आकडे आजच्या शेजारी ठेवून पाहिले का, हे विचारायला डॉक्टरी शिक्षण लागत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क नमूद आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत त्याच्या उपचारांचे कागद द्यावे लागतात. साध्या दवाखान्यात गेलेल्या रुग्णालाही आपल्या चिठ्ठीवर निदान लिहून मागता येतं, आणि ते मानसिक असेल तर कोणत्या निकषांवर केलं, हेही त्याच चिठ्ठीवर.